पाशामियाँचं पायडल

अक्षरा, मोबाईल ठेव. दुखऱ्या गुडघ्यासाठी टाच सरकवायचा तो व्यायाम करत करत ऐक, नुस्ती रडून राहू नको. कबड्डीत मारामारी करताना न्हाई रडलीस ते! तुम्ही बाकीचे पण सरका इकडं. बिलोलीच्या पाशामियाँची गोष्ट सांगतो. खोटं वाटलं तर उद्या जाऊन त्यालाच विचारा.

पाशामियाँ म्हणजे टेलर. माझ्या लग्नाचा सफारी त्यानंच शिवलेला. गेल्या दसऱ्याला स्कूटरवरून पडला अन् गुडघ्याची वाटी फुटली. नांदेडला ऑपरेशन झालं, तारा घातल्या. पण नंतर गुडघा सत्तर अंशाच्या पुढं वाकंना. मशीनवर बसायला नव्वद लागतात. पोरगा हारिस म्हणाला, "अब्बा, बस करा आता. दुकान भाड्यानं देऊन टाकू." चाळीस वर्षं जिथं बसला ती जागा दुसऱ्याला द्यायची? दोन दिवस मियाँ धड जेवला न्हाई.

फिजिओथेरपीवाली ज्योत्स्ना, आपल्या पंढरी गुरुजींची लेक, लई कडक. ती म्हणाली, "चाचा, मशीनचा पट्टा काढा अन् रोज शंभर वेळा पायडल मारा. दुखंल. दुखू द्या."

आता, पट्टा काढून रिकामं पायडल मारणं टेलर लोकांत करत न्हाईत. जुने टेलर म्हणायचे, रिकाम्या पायडलवर दुसरं कुणीतरी पाय ठेवतं. पण शिकलेल्या पोरीला हे कसं सांगावं? मियाँ हाव म्हणून मोकळा झाला.

शनिवार होता. दुसऱ्या दिवशी पौषातली अमावस्या. गिऱ्हाइकासमोर कण्हायला लाज वाटायची, म्हणून रात्री साडेआठला दुकान बंद करून, शटर अर्धं ओढून एकटाच बसला. खुर्ची मशीनच्या लई जवळ घेतली, गुडघा वाकावा म्हणून. मोजू लागला. तीस. चाळीस. डोळ्यांतून पाणी. एक्केचाळीसला गुडघा अडला...

अन् पायडल आपोआप खाली गेलं.

पाय काढायला गेला. निघंना. पावलावर काहीतरी होतं. गार. जड.

दिसत काहीच नव्हतं.

खाली... वर... खाली... गुडघा वाकून राहिला. आणखी. आणखी... आतल्या तारा तुटतात का काय असं झालं.

"कोण हाय?"

...

"बोल की!"

...

लाईट गेली न्हाई. कुत्रं भुंकलं न्हाई. फक्त पायडल. खट... खट...

मी असतो तर तिथंच गेलो असतो, खरं सांगतो. पण मियाँला राग आला. तीन महिन्यांचा राग. पोराचा, काठीचा, "आता आराम करा" म्हणणाऱ्या अख्ख्या गावाचा. टेबलावर हात आपटून ओरडला, "मला भेव दाखवतो? ती ज्योत्स्ना रोज जीव काढते माझा, तू नवीन काय काढणार? आला हायेस ना? मग शंभर झाल्याबिगर जायचं न्हाई! दाब! पंचावन्न! छप्पन्न! जोर लाव की, मुडद्या!"

नव्व्याण्णव... शंभर.

पायडल थांबलं.

...

मियाँ घाम पुसत म्हणाला, "आता दहा माझ्या जोरावर." अन् मारले.

सोमवारी ज्योत्स्नानं कोन मोजला. अठ्ठ्याण्णव. पोरीनं तीनदा पट्टी लावून बघितली.

परवा गेलो होतो मी. गडी मशीनवर बसून कुणाचं तरी पोलकं शिवून राहिला. म्हटलं, भीती न्हाई वाटत? "पाय माझा हाय," म्हणाला, "ज्याला त्यावर पाय ठेवायचा त्यानं ठेवावा." अन् चप्पल काढून दाखवला. पावलावर दुसऱ्या कुणाच्या तरी पायाच्या पाच बोटांचे काळे ठसे. इतके दिवस झाले, गेले न्हाईत. बोटं त्याच्या गुडघ्याकडं वळलेली. म्हणजे पाय ठेवणारा त्याच्या समोर बसलेला.

समोर तर भिंत हाय, पोरांनो. मशीन भिंतीला टेकलेली हाय.