पाहिल्याचा दिनांक

विद्यापीठाच्या संशोधन विभागात तिला सगळे ‘चाळणीबाई’ म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते माहीत होतं. प्रबंध परीक्षकांकडे जाण्याआधी त्यातली प्रत्येक तळटीप मूळ कागदाशी ताडून पाहणं हे तिचं काम. पान चुकलं, साल चुकलं, एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी गेलं, की तिची हिरवी पेन्सिल तिथे थांबायची. एकोणीस वर्षांत तिच्या हातून फारसं काही निसटलं नव्हतं. नवरा म्हणायचा, चहा छान झालाय म्हटलं तरी ही विचारते, कशावरून?

त्या मंगळवारी ती मास्तरांचा प्रबंध घेऊन दप्तरखान्यात गेली. मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे. पन्नाशी उलटली होती, नऊ वर्षं प्रबंधावर घासली होती, आणि तिसरी मुदतवाढ संपायला बारा दिवस उरले होते. विषय होता साथीच्या रोगांच्या एका जुन्या, कधीच पाडून टाकलेल्या रुग्णालयाचा. सगळं शेवटचं प्रकरण एका तळटीपेवर उभं होतं: वॉर्डाची नोंदवही, पान त्रेसष्ट. मास्तरांनी लिहिलं होतं की त्या पानावर एकच वाक्य आहे, ‘नऊ नंबरने खिडकी उघडायला सांगितली,’ आणि त्याखाली वही कोरी आहे. म्हणजे लिहिणारी नर्सही त्याच दिवशी आजारी पडली असावी, असा त्यांचा निष्कर्ष.

दप्तरखान्यातली लांबट खोली तिच्या सवयीची होती. लोखंडी मांडण्या, डांबरगोळ्यांचा वास, अर्ध्यापर्यंत पांढरा रंग मारलेल्या खिडक्यांच्या काचा. दप्तरीकाकांनी वही आणून टेबलावर ठेवली. तिने पान त्रेसष्ट काढलं.

वाक्यं दोन होती.

‘नऊ नंबरने खिडकी उघडायला सांगितली. बाहेर कोणी नाही, असं त्याला समजावलं.’

दोन्ही एकाच हाताची, बारीक, उजवीकडे झुकलेली. शाई सारखीच तपकिरी पडलेली. तिने मोबाइलवर फोटो काढला आणि मास्तरांच्या पानावर हिरव्या पेन्सिलीने शेरा मारला: ‘मूळ नोंद अर्धवट दिली आहे. निष्कर्ष टिकत नाही.’

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. चिडले नाहीत. खुर्चीत बसून कपाळ चोळत राहिले. त्यांनी स्वतःची टिपणवही पुढे केली, त्यात चार वर्षांपूर्वीच्या तारखेखाली एकच वाक्य होतं, आणि पुढे कंसात ‘खाली कोरं’.

“बाई, मी मुलांना कॉपी करू देत नाही,” ते म्हणाले. “मी कशाला एक वाक्य लपवीन? तेही कोणी वही उघडताच मी पकडला जाईन असं?”

तिलाही ते पटलं, म्हणूनच अस्वस्थ वाटायला लागलं. खोटं बोलणारे लोक तिने खूप पाहिले होते. ते असे बसत नाहीत.

गुरुवारी सकाळी दोघं मिळून गेली. दप्तरीकाकांनी शपथेवर सांगितलं की मंगळवारनंतर वहीला कोणी हात लावलेला नाही, किल्ली त्यांच्याच खिशात होती. मास्तर शेजारी बसले आणि तिने पान उघडलं.

तिसरी ओळ होती.

‘तो म्हणतो, बाहेर नाही, आत. टेबलाशी दोघं बसली आहेत.’

मास्तरांनी वहीवरचा हात हळूच काढून घेतला. तिने मोबाइलमधला मंगळवारचा फोटो उघडला. फोटोत दोनच वाक्यं होती. तिने बोटाच्या टोकाने शाई चाचपून पाहिली. कोरडी, कागदात मुरलेली, वर्षानुवर्षांची.

शुक्रवारी तिचं कशात लक्ष लागेना. जेवणाचा डबा तसाच परत आला. राहून राहून वाटत होतं की ‘पान त्रेसष्ट’ हे शब्द आपण आधीही लिहिले आहेत. दुपारी तिने जुन्या फायली उपसल्या. सहा वर्षांपूर्वी एका मुलीचा प्रबंध तिने परत पाठवला होता. शेरा तिच्याच अक्षरात होता: ‘नोंदवहीचे पान ६३ कोरे असल्याचे विधान खोटे. त्यावर एक वाक्य आहे.’

ती मुलगी तेव्हा विभागातल्या याच टेबलासमोर उभी राहून म्हणाली होती, मी पाहिलं तेव्हा कोरंच होतं. आणि चाळणीबाईंनी वर न बघता म्हटलं होतं, पुढच्या वेळी चष्मा लावून पाहा. मुलीने संशोधन सोडून दिलं. त्यानंतर तिचं काय झालं, हे विचारायचं कधी सुचलंही नव्हतं.

फायलीतला नंबर अजून चालू होता. तिने नाव सांगितलं, अडखळत माफी मागितली, चूक माझी होती म्हणाली. पलीकडे एखादं मूल रडत होतं, मग दार लावल्याचा आवाज आला.

“आता किती ओळी झाल्यात?” मुलीने विचारलं.

“तीन.”

फोन ठेवला गेला. पुन्हा लावला तर बंद होता.

सोमवारी तिने मास्तरांना बोलावून तळटीप नव्याने लिहायला लावली. इंटरनेटवरचा मजकूर बदलतो, म्हणून त्याच्यापुढे पाहिल्याचा दिनांक घालतात. शाईने लिहिलेल्या वहीला तो घालायची पाळी कुणावर आली नसेल. त्यांनी घातला. कोणी, कोणत्या दिवशी, किती ओळी पाहिल्या, सगळं ओळीने, मुलीच्या कोऱ्या पानापासून. खाली साक्षीदार म्हणून चाळणीबाईंनी सही केली. शेवटचं प्रकरण मास्तरांनी सहा दिवसांत पुन्हा लिहिलं, आणि त्यात निष्कर्ष काढला नाही. लोक हसतील, ते म्हणाले. हसू देत, ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. मास्तरांना पदवी मिळाली. ते पेढे घेऊन आले, पण दप्तरखान्याचा विषय दोघांनीही काढला नाही. तिनेही तिथलं काम सहकाऱ्याकडे सोपवलं. दोन महिने ती त्या रस्त्यानेसुद्धा गेली नाही.

मग बाहेरगावच्या परीक्षकांचं पत्र आलं. वृद्ध, काटेकोर गृहस्थ. अशी तळटीप आयुष्यात पाहिली नव्हती, म्हणून मागच्या आठवड्यात मुद्दाम स्वतः जाऊन वही पाहून आलो, असं त्यांनी लिहिलं होतं. तिन्ही ओळी अक्षरशः जुळतात, आपल्या काटेकोरपणाचं कौतुक वाटलं. मात्र त्याखाली आणखी एक ओळ आहे, ती नजरचुकीने राहिली असावी. आपल्या माहितीसाठी सोबत उतरवून पाठवतो.

‘मास्तर गेले. बाई अजून टेबलाशीच बसून आहेत. त्यांना घरी जायला कोणी सांगत नाही.’