तिसऱ्या हाकेले

हसू नका बे पोट्टेहो. माह्या मावसभावावर, शालिग्रामवर बेतलेलं हाये हे. सन एकोणनव्वद, पौषातल्या अमावास्येची रात, बुलढाण्यातलं एक हापीस.

शालिग्राम तिथं कॉम्प्युटरवर सी भाषेत प्रोग्राम लिहे. काम साधं होतं. रेशनकार्डावरून मेलेल्या मानसायची नावं कमी कराची होती, म्हनून डेटाबेसातून तेवढीच नावं काढून छापाची. साहेबानं दम भरला होता, "सकायी एक चूक निघाली तं घरी बस!"

जोडीले कादर होता, दुसरा ऑपरेटर. छापलेलं नाव कादर मोठ्यानं वाचे, शालिग्राम पडद्यावर ताडून पाहे. शेवटी सहदेवचं नाव आलं. मंग "मनकर्णाबाई, अमडापूर." आन् पुन्हा, "मनकर्णाबाई, अमडापूर."

"अबे, बुढी दोनदा मेली काय!" शालिग्रामनं कपायावर हात मारला. लय वैतागला होता तो. डेटाबेस एकेक नाव देते. नावं सरली की 'संपलं' म्हनते, पन हातात जुनंच नाव राह्यते. शालिग्रामच्या प्रोग्रामनं 'संपलं' हाये का ते न पाहताच छापलं, म्हनून शेवटचं नाव दोनदा. चिडतच त्यानं दुरुस्त केलं. आधी नाव मागाचं, मंग संपलं का पाहाचं, मंगच छापाचं.

पुन्हा छापलं. कादर पुन्हा वाचाले बसला. सहदेव. मंग...

"मनकर्णाबाई, अमडापूर."

एकदाच. बरोबर.

आता सांगा, राती कोनी नाव घेऊन बलावलं तं आपन कवा ओ देतो? तिसऱ्या हाकेले.

दाराबाहेरून आवाज आला... "ओ..."

दोघायचीही दार उघडाची हिंमत... नाई झाली.

सकायी साहेबासमोर छापलं. यादी सहदेववरच संपली. रातच्या छापील यादीत एक नाव जास्त पाहून साहेब भडकला, "एक नाव गिळलं तुह्या मशीननं!" शालिग्राम रडकुंडीले आला. प्रोग्राम बरोबर होता ना! कोनी हात लावला नव्हता. साहेबानं दोघायलेही अमडापूरले धाडलं. मनकर्णाबाई मेली, असं घरच्यायकून लिहून आना म्हने.

बाईचा लेक उत्तमराव दारातच आडवा आला. डोये लाल. व्होटावर बोट.

"हयू बोला... माय रातभर चालली. आताच डोया लागला तिचा."

शालिग्रामची यादी बरोबर निघाली. नोकरी राह्यली.

पन उंबऱ्यावर त्यानं पाह्यलं... पावलं. आत जानारी.

राखेची.