कोतवाल बुकातली भिकुबाई

भिकुला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचे नुसते पाय दिसले. साक्रीच्या कचेरीतली रेकॉर्ड रूम, तिच्यात एक शिडी, शिडीवर करड्या पँटीतले दोन पाय, आणि वर थेट छतापर्यंत लाल रुमालांत बांधलेली दप्तरं. बाहेर भाद्रपदातली भुरभुर चालू होती. आत ओल्या कागदांचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास कोंडला होता.

“अहो… पाय! खाली येता का जरा?”

पाय दचकले, शिडी डगमगली. आधी एक दप्तर खाली आलं, मागून धुळीचा लोट आणि सगळ्यात शेवटी एक तरणा कारकून. भुवया धुळीनं पांढऱ्या झालेल्या. भिकुनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही लपलं नाही.

“काय काम आहे?” त्यानं जमेल तितक्या सरकारी आवाजात विचारलं.

“जन्माच्या नोंदीची नक्कल हवी.”

“कुणाच्या जन्माच्या?”

“माझ्या. एवढी सगळी समोर उभी आहे, तरी धुळ्याच्या नर्सिंग शाळेला मी जन्मले हे पटत नाही.”

शाळेचंही तसं चुकलं नव्हतं. निवड झालेल्या चाळीस मुलींपैकी एकतीस जणींचा जन्म एक जूनचा निघाला होता. खेड्यातल्या बापाला पोरीची जन्मतारीख सांगता आली नाही की गुरुजी दाखल्यावर एक जून ठोकून मोकळे होत. शाळेच्या मोठ्या बाईंनी फर्मान काढलं, वीस सप्टेंबरच्या आत जन्मनोंदीची सहीशिक्क्याची नक्कल दाखवा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. भिकुही त्या एकतिसांतली. उंबरखेड्यातून बारावीपर्यंत पोचलेली ती एकटीच होती, आणि ही जागा गेली तर तिला परत जाऊन बाजरीतलं तण उपटण्याशिवाय दुसरं काही उरणार नव्हतं.

“अर्ज लिहा, कोर्ट फी स्टँप लावा, जन्मतारीख घाला,” तो म्हणाला.

“तारीख माहीत असती तर मी इथं आले असते का?”

“मग… मी शोधू काय?”

“आई म्हणते, बाजरी निसवली होती, कणसं नुकती बाहेर पडलेली. आणि गावात पहिल्यांदा लाईट आली, ते साल.”

“बाजरी… लाईट…” त्यानं खरोखरच लिहून घेतलं. तेवढ्यावर तो तिला आवडला. हे तिनं स्वतःशी बरेच दिवस कबूल केलं नाही, ती गोष्ट वेगळी.

त्याचं नाव अभिमन सोनवणे. कनिष्ठ लिपिक, दोंडाईच्याचा. जुन्या काळी गावचा कोतवाल जन्ममृत्यूच्या नोंदी ज्या वहीत करी, ती कोतवाल बुकं त्याच्या ताब्यात होती. तो एकेक ओळ बोट ठेवून वाची. आणि भिकु दिवसाआड नऊच्या एसटीनं येऊन त्याच्यासमोर स्टुलावर बसे. डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा असे, तो आपोआप दोघांचा झाला.

“तुम्ही सारखं यायलाच पाहिजे असं नाही,” एकदा तो म्हणाला. “मी शोधतोय.”

“मी आले नाही तर शोधाल कशावरून?”

“आणि आलात की… शोधणं होत नाही.”

“का बरं?”

“…उजेड अडतो.”

खिडकी त्याच्या पाठीशी होती. भिकुनं खिडकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लालबुंद झाले होते. दाराशी बसलेले म्हातारे शिपाई यादव नाना खोकल्याच्या आडून हसले.

“भाऊसाहेब एकच पान दोन-दोन डाव वाची ऱ्हायनात!”

सतरा तारखेला मात्र त्यानं ठेच्याला हात लावला नाही.

“सदुसष्ट ते सत्तर, सगळी बुकं पाहिली. तुमचे वडील निंबा देवरे यांना मुलगी झाल्याची नोंद नाही.”

“म्हणजे मी जन्मलेच नाही?”

“सरकारी दृष्ट्या… नाही.”

“मग इतके दिवस तुम्ही बोलताय कुणाशी?”

“मला तरी कुठं कळतंय…” तो पुटपुटला. मग त्यानं एक वही तिच्यापुढे सरकवली. “उंबरखेड्यात भिकु नावाची एक मुलगी आहे. बावीस ऑगस्ट, एकोणसत्तर. पण बाप वेगळा. पितांबर मगन बोरसे.”

भिकु पाहतच राहिली. मग कपाळावर हात मारून स्टुलावर बसली.

“मीच ती! आईची माझ्या आधीची तीन लेकरं गेली हो. म्हणून मी झाल्या झाल्या आईनं मला शेजारच्या शेवंताकाकूला विकलं. पायलीभर दादर ज्वारी घेऊन. सटवाईला वाटावं ही त्या घरची, म्हणून. सव्वा महिन्यानं पदर पसरून परत मागून आणली. परत मागायची ठरलेलीच, म्हणून तर बारशालाच नाव भिकु!”

कोतवाल नेमका त्या सव्वा महिन्यात आला असणार. पाळणा बोरशांच्या ओसरीवर, म्हणून त्यानं बापही बोरसे लिहिला. झालं.

अभिमन वहीतल्या त्या नावाकडे टक लावून बसला. त्याचा चेहरा पाहून भिकुला भीतीच वाटली.

“काय झालं?”

“नाव वाचलं तेव्हाच शंका आली होती, शेवंता म्हणालात तेव्हा पटलं. पितांबर बोरसे… माझे मामा. सख्खे. सतराएक वर्षांपूर्वी उंबरखेडं सोडून दोंडाईच्याला गेले ते.”

यादव नाना टुणकन उठले. “म्हंजे सरकारी कागदवर हाई तुमना मामानी पोर शे! भाऊसाहेब, हक्कनी शे हाई!”

भिकुच्या गालांवर एकदम ऊन आलं. अभिमननं घाईघाईनं वही उलटी धरून वाचायला घेतली. पण लाजायलाही वेळ नव्हता, तीन दिवस उरले होते.

“एवढं नाव खोडा ना,” ती हळूच म्हणाली. “निंबा देवरे लिहा. कुणाला कळणार आहे?”

“मला कळेल.”

“आणि माझी जागा गेली म्हणजे?”

तिचे डोळे भरून आले होते. रागानंही आणि भीतीनंही. त्यानं वही मिटली.

“खोडणार नाही. पण तहसीलदार रावसाहेबांसमोर प्रतिज्ञापत्र होऊ शकतं. मामीनं येऊन सांगितलं तर. उद्या रविवार आहे, मी दोंडाईच्याला जातो.”

“काकू येईल? तिला एसटी लागते.”

“पाठीवर घेऊन येतो!” तो म्हणाला, आणि एवढं शूर बोलल्याबद्दल स्वतःच दचकला.

सोमवारी दुपारचे तीन वाजले तरी दोघांचा पत्ता नव्हता. भिकु पत्र्याची ट्रंक घेऊनच आली होती. नक्कल मिळाली तर धुळं, नाही तर उंबरखेडं. शेवटी फाटकातून छत्री आली, छत्रीखाली शेवंताबाई, आणि छत्रीबाहेर नखशिखान्त भिजलेला अभिमन. त्याला तसा पाहून भिकु क्षणभर नक्कलच विसरली.

रावसाहेबांनी चष्मा लावला. “बाई, ही मुलगी तुमची आहे का?”

“मनीच शे,” शेवंताबाई ठणकावून म्हणाल्या.

अभिमननं डोकं धरलं.

“मामी! खरं सांग ना!”

“खरंच सांगी ऱ्हायनू. सव्वा म्हैना मना पदरमा व्हती. मंग मनी कशी नही?”

“पण जन्म कुणी दिला?” रावसाहेबांनी विचारलं.

“जनम तिनी मायनी दिधा. निंबानी पोर शे ती,” शेवंताबाईंचा आवाज एकदम कापला. “पन जगाडी मी!”

भिकु उठली आणि काकूच्या गळ्यात पडली. एवढ्या वर्षांत हे तिला कुणी अशा शब्दांत सांगितलंच नव्हतं.

“लिहून घ्या,” रावसाहेब घसा साफ करत म्हणाले. “जन्मदाता निंबा देवरे. आणि ते दुसरंही लिहा, जसंच्या तसं.”

अंगठा उठला, शिक्का बसला. पाच वाजता नक्कल आणि प्रतिज्ञापत्र दोन्ही भिकुच्या पिशवीत, आणि भिकु धुळ्याच्या गाडीत खिडकीशी. खाली पावसात अभिमन, पलीकडच्या बाकावर दोंडाईच्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्या शेवंताबाई.

“आता तुम्ही माझ्या मामाची मुलगी राहिला नाहीत,” तो म्हणाला.

“वाईट वाटलं?”

“दोन दिवस हक्क होता…”

“मग वापरला का नाही?”

“नोंद चुकीची होती.”

या माणसापुढे हात टेकावेत की याला मिठी मारावी, ते भिकुला कळेना. “आणि आता?”

“आता हक्क नाही. आता… विचारावंच लागेल.”

कंडक्टरनं घंटी मारली. इंजीन घरघरलं.

“मग विचारा की! एसटी आहे ही, बैलगाडी नाही!”

त्यानं खिडकीचा गज घट्ट धरला. इंजिनाच्या वर आवाज जावा म्हणून तो इतक्या मोठ्यानं ओरडला की सबंध स्टँडानं माना वळवल्या. “तुमचं दीड वर्षाचं ट्रेनिंग झाल्यावर… माझ्याशी लग्न कराल का?”

“हो म्हनी दे वं पोरी!” बाकावरून शेवंताबाई ओरडल्या.

“काकू, तू थांब,” भिकु म्हणाली. “लहान होते तेव्हा तुम्ही मला इकडून तिकडं दिलं, तिकडून इकडं आणलं. मला कुणी विचारलं नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलंय. उत्तर मी देणार.”

गाडीतला पुढच्या बाकावरचा टोपीवाला ऐकायला उभाच राहिला होता. भिकुनं गजावरच्या त्या ओल्या, शाईनं माखलेल्या बोटांवर आपला हात ठेवला.

“हो,” ती म्हणाली, आणि कंडक्टरकडे वळली. “आता सोडा गाडी.”