मोडीतल्या वाट्या

अक्कलकुव्याच्या बाजारात चांदमलजींचं भांड्यांचं दुकान आहे, आणि त्या दुकानात सगळ्यात जास्त आरडाओरडा करणारी वस्तू म्हणजे नाव टाकायचं मशीन. दिसायला पेनाएवढं, पण सुरू झालं की समोरच्याला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. ते चालवायची त्यांची मुलगी शिखा. तिचं अक्षर इतकं वळणदार की लोक भांडं दुसऱ्या दुकानात घेत आणि नाव टाकायला हिच्याकडे येत. बाजूचे दुकानदार कुरकुरत, पण अक्षराला कोण काय करणार?

शिखाचा नवरा मयंक आठ महिन्यांपूर्वी मस्कतला एका गोदामात नोकरीला लागला होता. तेव्हापासून ती पाच वर्षांच्या मुस्कानला घेऊन माहेरी होती. व्हिसा आला की दोघी जाणार होत्या. बॅग भरून तयार होती, फक्त चेन लावायची बाकी.

मुस्कानला दमा होता. दम लागला की तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजे, आणि ती आईचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवी. विमानाची, वाळवंटाची, कशाचीच शिखाला भीती वाटत नव्हती. भीती एकच. परक्या गावात पोरीचा श्वास अडकला आणि समोरच्या माणसाला सांगताच आलं नाही तर? मयंक म्हणे, "अगं, इथे डॉक्टर सगळे केरळचे. हिंदी समजतात." शिखा विचारी, "आणि शेजारीण? टॅक्सीवाला?"

म्हणून तिनं फोनवर अरबी शिकायला घेतलं. ॲप फुकटातलं होतं, तेव्हा रोज सकाळी आठ वाजता एकच शब्द मिळे. पहिल्या दिवशी आला माअ, म्हणजे पाणी. दुसऱ्या दिवशी दुक्कान. शिखा खुदकन हसली आणि गादीवर बसलेल्या वडिलांना म्हणाली, "बाबूजी, दुकानले अरबीमा काय म्हनतस, माहीत शे? दुक्कान!"

"हाई ते आपलंज शे," चांदमलजी म्हणाले. "याना करता फोन कसाले लागस?"

शिखाला अक्षर डोक्यात बसत नसे, हातात बसे. ॲपवरचा शब्द ती चित्रासारखा बघायची आणि एका फुटक्या झाकणावर मशीननं तसाच उतरवायची. एवढं केलं की तो शब्द जन्मात विसरायचा नाही. मुस्कान शेजारी ताटकळत उभी असे. सुई फिरल्यावर धातू घटकाभर गरम राहतो, आणि ते गरम अक्षर गालाला लावून बघायची तिला भारी हौस. तिच्या डब्यावरचं नावही तिनं असंच गालाला लावून घेतलं होतं. सगळ्या जगात तिला वाचता येणारा शब्द तेवढाच, डब्यावरचा 'मुस्कान'. बाकी बालवाडीत अजून क, ख, ग चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी विसरवाडीच्या फुलवंताबाई आल्या. लेकीच्या सासरी आल्या होत्या, येताना मोडीत घालायला जुनी भांडी पिशवीभर घेऊन. लग्नसराईत हे रोजचंच. लोक पोचकी, फुटकी भांडी देतात आणि वजनावर नवी नेतात. शिखा एकेक भांडं पारखत होती. त्यात एक छोटी स्टीलची वाटी निघाली, लहान पोराला भात भरवायची असते तेवढी. बुडावर कधीकाळी नाव टाकलेलं होतं, पण राखेनं घासघासून झिजलं होतं. 'स्मरणार्थ' एवढं बोटाला लागत होतं, आणि त्याखाली एक वेलांटीसारखी रेघ.

"ही ल्हाणीनी वाटी शे का, मावशी?"

"काय माहीत, माय. मन्ही सासूनी व्हती."

घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावानं समाजात घरटी एक भांडं वाटायची मारवाड्यांत चाल आहे. तीच ल्हाणी. ही भांडी पुढे गडीमाणसांकडे जातात, तिथून लेकीबाळींकडे, आणि फिरत फिरत कुठल्या कुठे पोहोचतात. शिखानं वाटी ढिगात टाकली आणि विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता शब्द आला खुब्ज, म्हणजे भाकरी. फोनवरचं अक्षर बघून ती थबकली. ही रेघ कुठेतरी पाहिली होती. अक्षरं वाचणारा माणूस फसेल, अक्षरं काढणाऱ्याचा डोळा फसत नाही. तिनं ढीग उपसला आणि वाटी उजेडात तिरकी धरली. तीच रेघ, तीच टिंबं.

बरं, यात आकाशपाताळ एक करण्यासारखं काही नव्हतं. अक्कलकुव्यात मोठा मदरसा आहे, अरबी शिकणारी, शिकवणारी माणसं काही कमी नाहीत. कुणी केव्हा वाटीवर लिहिलंही असेल. शिखानं स्वतःला असं समजावलं आणि वाटी ढिगात न टाकता फळीवर ठेवली.

त्याच दुपारी तापीकाठच्या एका गावातून सरलाबाई आल्या. त्यांच्या गाठोड्यातही तेवढीच वाटी होती. बुडाला वेगळी रेघ होती, आणि दुसऱ्या दिवशीचा शब्द तोच निघाला. मिल्ह, मीठ.

मग शिखाला चैन कसली पडणार? नऊ-दहा दिवसांत फळीवर सात वाट्या झाल्या. माणसं वेगळी, गावं वेगळी, एकमेकांची तोंडओळख नाही, पण वाटी एकच. घर, दार, किल्ली, रस्ता. शब्द आज वाटीवर येई आणि उद्या फोनवर. सकाळी आठच्या ठोक्याला ती वाटी हातात घेऊन बसे आणि जुळलं की शाळकरी पोरीसारखी टाळी वाजवी. भीती म्हणावी अशी तिला वाटलीच नाही. उलट कित्येक महिन्यांनी काहीतरी तिच्यासाठी, फक्त तिच्यासाठी घडत होतं. एकदा गंमत म्हणून तिनं दोन दिवस ॲप उघडलंच नाही. दोन्ही दिवस मोड भरपूर आली, वाटी एकही नाही. तिसऱ्या दिवशी शब्द घेतला, आणि तासाभरात वाटी हजर.

रविवारी तिनं सगळ्या वाट्या आल्या त्या क्रमानं मांडल्या आणि तिच्या एक गोष्ट लक्षात आली. पहिली पार झिजलेली होती. दुसरी जरा कमी. सातवीवर तर साबणाचा हातही फारसा फिरला नसेल. वाट्या दिवसागणिक नव्या होत चालल्या होत्या, आणि त्यांच्यावरचं देवनागरी अक्षर थोडं थोडं वर येत होतं.

तिनं सातवी वडिलांपुढे धरली. चांदमलजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाटी नाकाला लावली.

"'कु.' शे हाई," ते म्हणाले. "कुमारी. पुढलं नाव लागत नही. मंग 'स्मरणार्थ'." त्यांनी वाटी पुन्हा उजेडात फिरवली. "पोरगीना नावनी ल्हाणी? पन्नास वरीस व्हयनात माले ह्या धंदामा, लेकरूना नावे कोन्ही भांडा वाटेल मी दखा नही."

"आनि तारीख?"

"तारीखनी जागा सोडेल शे. घसाई गयेल नही, टाकेलज नही." त्यांनी वाटी परत दिली. "देनारनी सांगेल व्हई, तारीख मांगून टाकू."

असं करतात खरं. मजकूर आधी टाकून ठेवायचा, दिवस ठरला की तारीख. पण ते लग्नाच्या भांड्यावर. गेलेल्या माणसाची तारीख मागून कशी ठरणार, हे शिखानं वडिलांना विचारलं नाही. गिऱ्हाईक नसताना त्यांनी उगाच दोन पातेली पुसली.

पुढचे शब्द आले तबीब आणि दवा. वैद्य आणि औषध. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते शब्द आता यायला लागले होते. शिखानं ते झाकणावर दहादा गिरवले. दवा तर चांदमलजींनाही येत होता, आणि त्यांनी ते चारदा सांगितलं.

मंगळवारी मणिबेलीचे डोंगरसिंग आले. होडीतून आणि मग जीपमधून, अर्धा दिवस मोडून. त्यांच्या फडक्यात दोन पितळी तांबे होते आणि एक वाटी.

"धरणाचं पाणी खाली गेलं ना, बाई," ते सावकाश, जपून मराठी बोलत होते, "तर आमच्या जुन्या घराची जागा उघडी झाली. चुलीपाशी गाळात सापडली ही."

"घर पाण्यात कधी गेलं तुमचं?"

त्यांनी हात कमरेच्या खाली धरला. "मी एवढा होतो."

डोंगरसिंगांच्या मिशा पिकायला लागल्या होत्या. शिखानं वाटी धुतली. गाळ निघाला, आणि खाली आरशासारखं स्टील चमकलं. 'कु.' ठसठशीत होतं. नावाच्या जागी अजून धुरकट डाग. 'स्मरणार्थ'च्या काना-मात्रा सगळ्या शाबूत.

तिची नजर कान्याच्या टोकावर गेली. उभी काडी जिथे संपते तिथे एक बारीकसा आडवा ओरखडा होता. प्रत्येक काडीला.

शिमग्याच्या आधी मुस्काननं मशीन फरशीवर पाडलं होतं आणि सुईचं टोक तुटलं होतं. चांदमलजींनी ते घासून तसंच चालवायला दिलं. तेव्हापासून या मशीनची प्रत्येक काडी शेवटी असा एक ओरखडा काढते. या मशीनची. जगातल्या दुसऱ्या कुठल्या नाही.

आणि 'र्थ'चं ते वळण तिचंच होतं. कुणाही माणसाला स्वतःची सही ओळखता येते.

डोंगरसिंग नवी परात घेऊन गेले. शिखा वाटीच्या खालच्या अरबी रेघेकडे बघत राहिली. उद्याचा शब्द. आता तिला तो जाणून घ्यायचा नव्हता, आणि हे तिच्या स्वभावाला सोडून होतं.

तिनं ॲप काढून टाकलं. मशीनची सुई काढून कागदात गुंडाळली आणि गल्ल्याच्या खणात ठेवली. नाव टाकायला आलेल्यांना "मशीन बिघडलंय" सांगितलं. वाट्या सगळ्या भट्टीच्या मालात दिल्या. जे येत नाही ते येत नाही, तिथे हातवारे करू, रडू, ओरडू. आईला भाषा लागत नाही, असं ती स्वतःला म्हणाली.

तीन दिवस वाटी आली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मयंकचा फोन आला आणि तो आधी नुसता हसतच राहिला. व्हिसा आला होता. तिकिटं पंधरा दिवसांनंतरची. शिखा रडली, चांदमलजींनी समोरून पेढे मागवले. मुस्काननं फोन ओढून घेतला आणि पप्पांशी तिचं नेहमीचं गुळपीठ सुरू झालं.

"मम्मी," ती मध्येच म्हणाली, "मला पण अरबी येतं. नफस!"

शिखाच्या हातातला पेढा तसाच राहिला. "कुणी शिकवलं?"

"मी शिकवलं," मयंक फोनमधून म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं. "तू शिकायचं सोडलंस, म्हणून म्हटलं तिलाच शिकवू. नफस म्हणजे श्वास. छातीवर हात ठेवायचा आणि नफस म्हणायचं, की कुणालाही कळेल. बघ, लिहून पण ठेवलंय." त्यानं कागद कॅमेऱ्यासमोर धरला.

डोंगरसिंगांच्या वाटीवरची रेघ.

"छान," शिखा म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? त्यानं मायेनंच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर तिनं आधी खण बघितला. सुई कागदात होती. मशीनची वायर गुंडाळलेली होती. मोड घेऊन कुणी आलंच, तर परत पाठवायचं, असं तिनं वडिलांना बजावलं. कुणी आलं नाही.

अकराच्या सुमाराला ट्रान्सपोर्टचा माणूस नव्या मालाचं खोकं टाकून गेला. कंपनीची पट्टी, कंपनीचा शिक्का. चांदमलजींनी सुरीनं पट्टी कापली. आत वाट्यांची चळत होती, एकेक पातळ कागदात.

"दख, बेटा, कसा चमकी ऱ्हायना माल," ते म्हणाले.

शिखा पावती तपासत होती. मुस्कान खोक्यापाशी उकिडवी बसली होती. तिनं सगळ्यात वरची वाटी उचलली, कागद सोडला आणि बूड वर केलं.

"मम्मी, हे मला वाचता येतं."

शिखानं मान वर केली.

मुस्काननं वाटीचं बूड गालाला लावलं होतं.

"अजून गरम आहे," ती म्हणाली.