बाजूला ठेवलेली स्लाइड

कार्बोरेटर उघडायला बसलो की मला कुणी हाक मारलेली खपत नाही. बायकोसुद्धा कॉफी दारात ठेवून निघून जाते. पण त्या दुपारी भाची रोतुआच येऊन समोरच्या टायरवर बसली. आता भाचीला कसं हाकलणार?

"मामा, उद्या बाबांची हाडं वर काढायची. गाडी चालेल ना?"

"चालेल म्हणजे? पळेल!"

"आणि तिच्यात परकं काही घालू नका हं. सगळं बाबांचंच असू दे."

"बरं बाई," मी म्हणालो आणि मान खाली घातली.

रोतुआचे बाबा जाउलुंग, म्हणजे माझे भावोजी. आमच्या सियांतार शहरात जुन्या लष्करी मोटरसायकलींना साइडकार जोडून माणसं वाहतात, तोच त्यांचा धंदा. ते गेले घाटाच्या उतारावर. हँडलची मूठ सोडली तरी गाडी सुटतच गेली. कार्बोरेटरमध्ये स्लाइड असते, अंगठ्याएवढी जाड नळकांडी. मूठ पिळली की ती वर जाते आणि गाडी वेग घेते, सोडली की स्प्रिंग तिला खाली बसवते. भावोजींची स्लाइड तापली की वरच अडकायची. बदला, बदला म्हणून मी कानीकपाळी ओरडलो, पण ऐकतो कोण!

आमच्यात काही वर्षांनी थडगं उघडून हाडं धुतात आणि नव्या कबरीत ठेवतात; भावोजींचं थडगं घाटावर, नवी कबर पायथ्याशी. आता तीच गाडी त्यांच्या हाडांची पेटी घेऊन तोच घाट उतरणार होती, आणि चालवणार होता रोतुआचा धाकटा भाऊ तोगार. ती मारकी स्लाइड परत घालायला मी काय वेडा आहे? भंगारातल्या तसल्याच एका गाडीची चांगली स्लाइड मी गुपचूप आणून ठेवली होती. रोतुआला कशाला सांगा?

दोन्ही स्लाइड रॉकेलच्या परातीत भिजत होत्या. ओळख राहावी म्हणून चांगलीला मी लाल दोरा बांधला होता. रोतुआ गेल्यावर परातीत हात घातला, तर दोरा सुटून वर तरंगत होता. हात्तिच्या! दोन्ही सारख्याच काळ्या, दोन्हींवर कानशीचे ओरखडे. गार असताना दोन्ही टपकन खाली बसत होत्या. घाट चढून गाडी चांगली तापल्याशिवाय फरक कळायचा नाही. तिसरी आणायची तर दूरचं मेदान शहर गाठायला हवं, आणि सकाळी तर निघायचं होतं.

तेवढ्यात आभाळ गच्च भरून आलं. वारा सुटला म्हणून मी दार लावून कडी घातली. वीजही गेली. पत्र्याच्या शेडमध्ये भरदुपारी काळोख दाटला. मी मागच्या खोलीत कंदील शोधत होतो, तेव्हा ऐकू आलं. टिक्. मग जरा वेळाने पुन्हा टिक्. कुणीतरी धातूचे तुकडे लाकडावर ठेवत होतं, अगदी सावकाश, जपून.

"कोण आहे?"

टिक्.

"रोतुआ... तू आहेस का गं?"

कंदील घेऊन बाहेर आलो. दाराची कडी तशीच होती. रॉकेलचा वास मात्र कुठेच नव्हता. वास होता तो हाडं धुवायच्या रानलिंबांचा, आणि उकरलेल्या ओल्या मातीचा. परात रिकामी होती. सगळे भाग फळीवर मांडून ठेवले होते. वर टोपण, त्याखाली स्प्रिंग, मग एक स्लाइड, सुई, जेट, एकाखाली एक सरळ ओळीत. दुसरी स्लाइड मात्र लांब, फळीच्या अगदी कडेला.

"भावोजी..." मी कंदील वर धरला. "पोराला जपताय... होय ना?"

मला गहिवरून आलं. बापाने पोरासाठी मारकी स्लाइड वेचून बाजूला सारली, असं मी धरून चाललो. ओळीतली स्लाइड गाडीत घातली, आणि कडेची उचलून मागच्या नाल्यात भिरकावली.

सकाळी तोगार गाडीवर बसला. "मामा, तोंड का वाकडं? बाबांपेक्षा मी बरी चालवतो."

"दात काढू नकोस. पुढे बघून चालव."

घाट चढून आम्ही थडग्यापाशी पोहोचलो. मामाकडचा मान म्हणून पहिली कुदळ मी मारली. बायकांनी लिंबाच्या पाण्यात हाडं धुतली, कापडावर मांडली. रोतुआने ती स्वतः पेटीत लावली. वाजंत्री सुरू झाली, आणि तोगार साइडकारमध्ये पेटी घेऊन उताराला लागलासुद्धा. बाकीचे गाड्यांत चढत होते. मी कुदळ उचलायला वळलो, तर कापडाच्या कडेला एक आखूड हाड पडलेलं.

"अगं, हे राहिलं की!"

कापड गोळा करणारी म्हातारी माझ्यावर खेकसली. "राहिलं नाही, ठेवलंय. शेजारच्या थडग्यातलं मातीतून आलंय ते. आपल्या माणसाचं तेवढं ओळीत लावतात, परक्याचं कडेला. मामा असून एवढं कळत नाही?"

मला कालची फळी आठवली. भावोजी मला काही सुचवत नव्हते. ते आपलं तेवढं वेचून घेत होते... आणि त्यांची तीच मारकी स्लाइड मी गाडीत घातली होती.

"तोगार! अरे, थांब!" मी ओरडत सुटलो. वाजंत्रीत कोण ऐकणार! कुणाच्या तरी स्कूटरवर बसलो आणि प्रत्येक वळणावर खाली दरीत पाहत घाट उतरलो.

पायथ्याशी, नव्या कबरीपुढे, गाडी उभी होती. तोगार शेजारी जमिनीवर बसला होता, चेहरा पांढराफटक.

"मामा, अर्ध्या घाटात मूठ सैल फिरायला लागली. मी डोळेच मिटले. पण गाडी... बैलगाडीसारखी उतरली हो."

मी कार्बोरेटरचं टोपण काढलं. स्लाइड पार वर जाऊन अडकली होती. हातोडीच्या दांड्याने ठोकली तेव्हा कुठे निघाली. एवढ्या उघड्या स्लाइडवर त्या इंजिनाने बोंब ठोकायला हवी होती.

तोवर मागून आलेल्या रोतुआने पेटी उघडली होती. तिने आत बोट दाखवलं. बाकी सगळं तिने लावलं तसंच होतं. फक्त उजव्या हाताची बारीक हाडं जागेवर नव्हती. तोगार बसला होता त्या बाजूच्या पेटीच्या फळीला ती घट्ट टेकली होती.

ती परत जागी ठेवायला तिने हात घातला, आणि तसाच थांबवला.

"मामा... सुटत नाहीत. अजून धरूनच आहेत."