डावीकडची बरणी

इंग्लंडातल्या रीडिंगमधल्या त्या घरात सकाळचा उजेड रोजच्यासारखाच आला. आधी तो गॅरेजच्या काचेवर थबकला, धुळीतून गाळला गेला, कामाच्या बाकावर उतरला आणि कुणाची झोप मोडू नये अशा बेताने सरकत फळीवरच्या दोन बरण्यांपर्यंत पोहोचला. बरण्या लोणच्याच्या होत्या. आत आता काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या होत्या. एकेका काठावर उजेड रेंगाळला. इतक्या निरुपद्रवी उजेडात भीती वाटावी, याचीच साकेतला लाज वाटली.

हाउन्सलोहून खासगी गुप्तहेर अविवा तळकर आणि तिचा मदतनीस साकेत पहाटेच निघाले होते. बोलावलं होतं बेलाने.

"अर्णवने, माझ्या नवऱ्याने केलेला चहा मी हल्ली सिंकमध्ये ओतते," ती कुजबुजली. "पपा म्हणतात, त्याने त्यांना मारायचा प्लॅन केला. दुपारी ते पोलिसांना स्टेटमेंट देणार. खरं काय ते मला त्याआधी कळू दे."

रविवारी क्लबच्या रेंजवर तिच्या वडिलांची, हिलेल आपटेकरांची रायफल पहिल्याच काडतुसाला फुटली होती. उजवा हात भाजला, गालात पितळेचे कण रुतले. काडतुसं ते स्वतःच भरत: वापरलेली पुंगळी, तिच्या बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी, मग दारू आणि गोळी.

आतल्या खोलीत साकेतने हात मिळवायला त्यांच्यापुढे डावा हात केला, त्यांचा उजवा भाजलेला म्हणून. तो हवेतच राहिला. म्हातारा रागावलाय, असं साकेतने धरलं.

हिलेलनी पाहुण्यांसाठी चहा ओतला. बँडेजबाहेर राहिलेलं बोट कपाच्या आत धरून. चटका बसला तसे ते थांबले.

"बाजारी पुंगळी पातळ, आत जागा जास्त," ते म्हणाले. "फौजी पुंगळी जाड, आत जागा कमी. दारू तितकीच घातली तर फौजीत दाब चढतो. माझं माप बाजारीला सोसवेल त्याच्या अगदी काठावरचं. आणि उरलेली काडतुसं क्लबने तपासली, तर सगळी फौजी निघाली."

"दारू?" अविवाने विचारलं.

"मापातच. यंत्र ओततं, पुरी झाली की टीं करतं. दारू कुलपात असते, किल्ली माझ्या कमरेला. पुंगळ्या मात्र उघड्यावर. बाजारी डावीकडे, फौजी उजवीकडे, वर्षानुवर्षं. बाकाला हात लावला तो जावयाने."

फौजी पुंगळ्या दिल्या होत्या क्लबमधल्या झॅकरी रोहेकरांनी. ते विचारपूस करायला आले होते.

"टोपीभोवतीचा फौजी काठ खरवडूनच दिल्या मी," ते म्हणाले. "टोपी बसवताना हाताला फरक कळणार नाही. पण बुडावर वर्तुळात फुली असते. ती आंधळाही ओळखेल."

"ते गेले असते, तर टीमचे कॅप्टन तुम्ही झाला असता," अविवा म्हणाली.

"तसाही होणारच होतो. हिलेलचा नेम कधीपासून भरकटतोय. वाऱ्याला शिव्या देतो बिचारा."

अर्णव जिन्यात बसला होता. "पेसाहच्या सणाच्या सफाईत गॅरेज मी मागून घेतलं," तो म्हणाला. "पावाचा कणसुद्धा राहायला नको ना. बरण्या उतरवल्या, फळी पुसली, परत ठेवल्या. डावी-उजवी नाही बघितली. लेबलं आहेत की, अंगठ्याएवढ्या अक्षरांची."

"उघडल्या होत्या?" अविवाने विचारलं.

"सासऱ्यांच्या बरणीत हात? पुण्याचा असलो म्हणून काय झालं, इतका शूर नाही मी." हसण्याचा प्रयत्न त्याला साधला नाही.

साकेत अविवाच्या कानाशी लागला. "कबूलच केलं याने."

अविवाने दोन्ही बरण्यांतल्या पुंगळ्या उपड्या करून पाहिल्या आणि सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं. बेला नवऱ्यापासून दूर, दारापाशी उभी राहिली.

"घातपात करणारा दारू वाढवतो," अविवा म्हणाली. "इथे दारू नेमकी होती. म्हणजे भरणाऱ्याला पुंगळ्या बाजारीच वाटल्या. आणि भरणारे हिलेलकाका एकटेच."

"कारण त्याने बरण्या बदलल्या," हिलेल म्हणाले.

"जागा बदलल्या. आतला माल नाही. 'फौजी' लिहिलेल्या बरणीत आजही फौजीच पुंगळ्या आहेत. फसवायचं असतं, तर त्याने माल बदलला असता. खरी लेबलं लावलेली बरणी कुणालाही फसवू शकत नाही. फक्त वाचू न शकणाऱ्याला फसवते."

साकेतला आपला हवेत राहिलेला हात आठवला.

"तुम्ही साकेतचा हात पाहिला नाहीत," अविवा हिलेलना म्हणाली. "कप बोटाने मापलात. दारूचं माप कानाने घेतलंत. नेम वाऱ्याने नाही भरकटला. पुंगळीची फुली दिसत नव्हती, म्हणून तुम्ही जागेवर विसंबलात. हे तुम्ही घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. जे अर्णवला ठाऊकच नव्हतं, त्याचा सापळा तो कसा रचणार?"

"ही सगळी भाषणबाजी आहे."

तिने एक बरणी त्यांच्यासमोर धरली. "काय लिहिलंय?"

"माझंच अक्षर मी तुम्हाला वाचून दाखवू?"

"हो, काका."

हिलेलनी मान तिरकी केली, मग दुसरीकडे. बेला वडिलांकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती जागा बदलत होती.

"पपा, चौकीत तुम्ही याचं नाव देणार होता," ती म्हणाली.

बाक चाचपत हिलेलनी स्टूल शोधलं आणि बसले.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "मला धड दिसत नाही."