गुरूवरचं सारवण

बहात्तर साली पाऊस पडलाच नाही, त्यामुळे माझ्या दुर्बिणीला आभाळ मात्र स्वच्छ मिळालं. श्रीरामपूरच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ती घेतली होती. दिवेलागणीनंतर दक्षिणेला गुरू दिसे. त्याचे फिकट पट्टे आणि त्यांच्यातलं, पृथ्वीहून मोठं, तांबडं वादळ.

एका संध्याकाळी त्या वादळाभोवती फराटे दिसले. बारीक, वळत गेलेले. मधल्या एका फराट्याची जागा रिकामी.

शेजारच्या सूर्यभानरावांना हाक मारली. ते विज्ञान शिकवायचे. "चहा घेऊन येतो," म्हणायचे, आणि येईपर्यंत ग्रहाची ती बाजू फिरून गेलेली असायची. दर वेळी हेच.

"शांतवनसर, मोतीबिंदू पिकलाय तुमचा. तो काढा आधी, मग वादळं बघा."

ऑपरेशन ठरलंच होतं. त्याआधी एकदा त्यांनी पाहावं, एवढंच हवं होतं. नाहीतर माझा माझ्यावरच विश्वास राहिला नसता. तसा तो कधी फारसा नव्हताच.

दुष्काळी कामावरून परतताना गोजरबाई माझं अंगण सारवून देई. खडी फोडताना तिचं मधलं बोट गेलं होतं. एकदा तिच्या हाताखालचं ओलं अंगण पाहिलं आणि मी पायरीवरच बसलो. तोच वळसा. तीच रिकामी जागा.

"बाई, हे असं कुठं पाहिलंत?"

"कुटं पाहनार? हात फिरंल तसा फिरतो."

"उद्या उलटा फिरवा."

"म्हातारपनी खूळ लागलं का काय, सर?" ती हसली. पण दुसऱ्या दिवशी फिरवला.

अंधार पडताच डोळा लावला. वादळाचे फराटे उलटे वळले होते.

मी ओरडलोच. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. सूर्यभानराव हातातला चहा तसाच टाकून धावत आले, थेट अंगणातून.

"अहो, ओलं आहे!"

"असू द्या हो."

त्यांनी डोळा लावला. बराच वेळ काढला नाही.

"सर, वादळाच्या मधोमध हे काय उमटलंय?"

मी कंदील खाली धरला. वळशाच्या मधोमध त्यांच्या चपलेचा ठसा होता.

त्यांनी चप्पल काढून उलटी केली. टाचेला टायरचं तिरकं ठिगळ होतं. त्यावरून अंगठा फिरवला.

"तिथंही तिरकंच आहे," ते म्हणाले.

मग चपला हातात घेऊन, कडेकडेने, कुठेही पाऊल उमटू न देता ते घरी गेले.